सिक लीव्ह घेतली, पण आजारी होतो का तेच कळेना

बाकी_जुळत_नाही

इथे पहिल्यांदाच विचारतोय, सांभाळून घ्या. थोडं लांबण लागेल.

मी अकाउंट्समध्ये आहे, देण्यांच्या बाजूला. व्हेंडरचं बिल ऑर्डरशी आणि मालाच्या पावतीशी जुळवायचं, पेमेंटला लावायचं, मंथ एंडला बाकी जुळवून द्यायची. वय 43. या कामात 19 वर्षं झाली, त्यातली शेवटची 8 इथेच. दीड वर्षापूर्वी नवे मॅनेजर आले. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. वयाचा काय संबंध, मान्य आहे, पण ते आठवल्याशिवाय राहत नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ‘काका’ म्हणायला सुरुवात केली. मला वाटलं आपुलकी. मग लक्षात आलं की एरवी मी नावानं असतो आणि चूक सापडली की काका होतो. ‘काका, झेपतंय ना?’ ‘काका, हे एक्सेल आहे, खतावणी नाही.’

सोमवारी रिव्ह्यू असतो. मागच्या महिन्यात त्यांनी माझी एका व्हेंडरला गेलेली मेल मोठ्या पडद्यावर लावली. चार ओळींची मेल. एकेका ओळीवर कर्सर थांबवायचे आणि माझ्याकडे बघायचे. तिसऱ्या ओळीत ‘रिसीव्ह्ड’च्या स्पेलिंगमध्ये आय आणि ईची अदलाबदल झाली होती. तिथे त्यांनी खुर्ची मागे ढकलली आणि म्हणाले, ‘अरे, काकांना कुणीतरी शाळेत घाला रे.’ खोलीत अकरा माणसं. सगळे हसले. मीही हसलो. आपण का हसलो, हे अजून सलतंय.

बाकीचं थोडक्यात सांगतो. तोंडी मुदत शुक्रवारची द्यायची आणि बुधवारी ‘कालच हवं होतं’ म्हणायचं. रात्री साडेनऊला फोन. आठ वर्षं मी करत असलेला पेमेंट रन (तपासलेल्या बिलांचे पैसे व्हेंडरांना एकत्र सोडायचं काम) काढून एका नव्या मुलाला दिला आणि मला जुनी व्हाउचरं तारीखवार लावायला बसवलं. ती स्कॅन झालेली आहेत. कुणालाही नको आहेत.

आता मूळ मुद्दा. रविवारी संध्याकाळपासून पोटात कालवाकालव सुरू होते. पहाटे तीनला जाग येते आणि डोक्यात बिलं जुळवत पडतो. दाढ दुखते म्हणून डेंटिस्टकडे गेलो, तर त्या म्हणाल्या, ‘रात्री दात खाता का?’ मी म्हणालो, ‘कुणावर?’ त्या हसल्या, मग म्हणाल्या, ‘दाढा झिजल्यात हो तुमच्या.’

गेल्या मंगळवारी सकाळी डबा घेतला, एक बूट घातला, दुसरा हातात घेतला आणि दारात बसून राहिलो. उठताच येईना. चक्कर नाही, ताप नाही, काही नाही. पंचवीस मिनिटांनी बायको बाहेर आली, तिनं हातातून बूट काढून घेतला आणि म्हणाली, आज जाऊ नका.

साहेबांना काय कळवायचं यावर मेसेज पाच वेळा लिहिला, पाच वेळा खोडला. शेवटी लिहिलं, लूज मोशन. त्यापुढे कुणी काही विचारत नाही म्हणून. उत्तर आलं, ‘ओके. मंथ एंडलाच बरं पोट बिघडतं.’ दुपारी ग्रुपवर, ‘काकांचं पोट कसं आहे? कुणी खबर घेतली का?’ त्यावर सात जणांचे हसरे चेहरे.

बुधवारीही गेलो नाही. गुरुवारी गेलो.

मागच्या वर्षी माझ्या सगळ्या सिक लीव्ह तशाच लॅप्स झाल्या, एकही घेतली नव्हती. पण या दोन घेतल्यापासून चोरी केल्यासारखं वाटतंय. खरंच आजारी होतो का मी? अशा कारणासाठी सिक लीव्ह घेता येते का? आणि कळवताना माणसानं लिहायचं तरी काय?

स्पष्ट_बोलते

घेता येते. आणि लूज मोशन काय हो! खोटं बोलायचं तर ते पुढे जपावं लागतं. आता महिनाभर कुणी पोटाची चौकशी केली की तुम्हाला पोट सांभाळत बसावं लागणार. ‘तब्येत बरी नाही, आज येऊ शकत नाही’ एवढं पुरे होतं आणि ते खरंही होतं. पोट बिघडलं की आजार आणि माणूस दारात बसून राहिला की नाटक, हे कुणी ठरवलं?

शेजारचा_डेस्क

मला शिव्या पडतील, तरी लिहितो. आमच्याकडे असेच एक गृहस्थ आहेत. साहेब ओरडले की दोन दिवस सिक. मंथ एंडला त्यांची बिलं आम्ही रात्री आठपर्यंत बसून जुळवतो. साहेब त्यांनाच ओरडतात असं नाही, आम्हालाही ओरडतात. मग आम्ही कुणाच्या नावानं आजारी पडायचं? बाकी_जुळत_नाही, हे तुम्हाला उद्देशून नाही. पण रजेची दुसरी बाजू कुणी मांडत नाही म्हणून मांडली.

लिफाफा

शेजारचा_डेस्क यांचा राग खरा आहे, पण पत्ता चुकलाय. माणूस दोन दिवस नसला की काम अडतं, ही माणसं किती नेमायची हे ठरवणाऱ्यांची चूक. आजारी पडणाऱ्याची नाही.

मी 22 वर्षं एचआरमध्ये काढली, त्यातली बरीचशी पगार आणि रजांच्या टेबलावर. म्हणून कागदाचं सांगते. मनाचं सांगायला इथे इतर आहेत.

बाकी_जुळत_नाही, सगळ्यात आधी तुमच्या रजेचे नियम काढून वाचा. कुणाला विचारू नका, स्वतः वाचा. किती दिवसांपुढे सर्टिफिकेट लागतं, कुणाला कळवायचं, किती वाजेपर्यंत, सुट्टीला जोडून घेतलेली सिक लीव्ह कशी मोजतात. हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं आणि मॅनेजर तोंडी जे सांगतात ते निम्म्या वेळा त्यांच्या सोयीचं असतं. आमच्याकडे एक मॅनेजर दर नव्या माणसाला सांगायचे की सिक लीव्ह ‘मंजूर’ करून घ्यावी लागते. नियमात शब्द होता ‘कळवावी’. सात वर्षं कुणी उघडून बघितलं नाही.

मेसेज असा: ‘तब्येतीच्या कारणानं आज सिक लीव्ह घेत आहे. अमुक बिलं तपासून झाली आहेत, तमुक बाकी आहेत, फाइल सामायिक फोल्डरमध्ये आहे. उद्या सकाळी कळवतो.’ बस. लक्षणं नाहीत, माफी नाही, ‘प्लीज’ नाही. साहेबांना पाठवा आणि नियमात बसत असेल तर रजेच्या प्रणालीतही त्याच वेळी टाका. ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर टाकलं की ते ग्रुपचं होतं, हे तुम्ही पाहिलंतच.

सर्टिफिकेट लागलं तर तपासून घेऊन घ्या. मागची तारीख टाकून कधीही नाही. ओळखीचा डॉक्टर देतो म्हणाला तरी नाही. उद्या प्रकरण वाढलं तर समोरचा पहिला हात त्याच कागदाला घालतो, आणि तो कागद खोटा निघाला की तुमच्या खऱ्या तक्रारीवर कुणी विश्वास ठेवत नाही. सर्टिफिकेटवर आजाराचं नाव घालायलाच हवं असंही सगळीकडे नसतं. ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत कामासाठी अनफिट’ एवढ्यावर बऱ्याच ठिकाणी चालतं. डॉक्टरांशी बोलून ठरवा.

रजेच्या दिवशी लॅपटॉप उघडायचा नाही. ‘पाचच मिनिटं’ म्हणून एक मेल केलीत की तुम्ही कामावर होतात असा अर्थ निघतो आणि रजाही जाते. दुसऱ्या नोकरीचे इंटरव्ह्यू मात्र सिक लीव्हवर देऊ नका. त्यासाठी दुसऱ्या रजा आहेत, त्या वापरा.

आता वही. कागदाची, घरी ठेवायची. त्याच रात्री लिहायचं: तारीख, वेळ, कुठे, नेमके शब्द, कोण हजर होतं. ‘शाळेत घाला’ हे शब्द आहेत ना, तेच लिहा. माझ्याकडे तक्रारी यायच्या, ‘साहेब हुकूमशहा आहेत, मानसिक छळ करतात.’ मी काय करणार त्याचं? विशेषणावर चौकशी बसत नाही. ‘सोमवारच्या रिव्ह्यूत माझी मेल पडद्यावर लावून हे वाक्य म्हटलं, 11 जण हजर होते’ यावर बसते. पेमेंट रन कोणत्या तारखेला काढला आणि कारण काय दिलं, तेही लिहा. तोंडी मुदत दिली की जागेवर येऊन मेल टाकायची: ‘आत्ताच्या बोलण्यानुसार हे काम शुक्रवारी संध्याकाळपर्यंत देतो.’ त्यांनी उत्तर दिलं नाही तरी मेल राहते.

ऑफिसच्या मेल आणि फाइल स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नका. पुराव्याच्या नादात लोक हे करतात आणि गोपनीयतेच्या कलमात स्वतःच अडकतात.

आणि एचआर तुमची मावशी नाही. पगार त्यांनाही तिथूनच मिळतो. तरीही लेखी तक्रार त्यांच्याकडेच द्यायची आणि पोच घ्यायची. लेखी आलेलं दडपणं त्यांनाही सोपं नसतं.

ओपीडी_नंतर

‘खरंच आजारी होतो का’ याचं उत्तर मला इथून देता येणार नाही, पण शरीरात काय होतं ते सांगतो. धोका दिसला की ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात, नाडी वाढते, पचन मागे पडतं, स्नायू आवळतात. समोर कुत्रा धावून आला तर हे उपयोगी आहे, कारण दोन मिनिटांत प्रकरण संपतं. तुमचा कुत्रा रविवारी संध्याकाळी मनात येतो आणि शुक्रवारपर्यंत जात नाही. पोट, पहाटेची जाग, दाढा, हे सगळं एकाच माळेतलं असू शकतं. म्हणजे खोटं बोलायला पोटच निवडलंत, ते अगदीच खोटं नव्हतं!

पण ‘टेन्शनच आहे’ म्हणून सोडून देऊ नका, आधी तपासून घ्या. थायरॉइड, साखर, रक्तदाब. रक्तदाब घरी मोजा: आधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, हात टेबलावर, सकाळी दोनदा आणि रात्री दोनदा, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडा आणि उरलेल्यांची सरासरी काढा, तुम्हाला ते जमेलच. घरची सरासरी 135/85 किंवा त्यावर असेल तर डॉक्टरांना दाखवा. आठवड्यात ऑफिसचे दिवस येऊ द्या. काहींचा दवाखान्यात नॉर्मल येतो आणि कामाच्या दिवसांत वर असतो.

‘बर्नआउट’ हा शब्द इथे कुणीतरी फेकणारच, म्हणून आधीच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी-11 मध्ये, तो आहे. हे वर्गीकरण 1 जानेवारी 2022 पासून लागू झालं. पण त्यात तो आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून आहे: थकून रिकामं होणं, कामापासून मन उठणं, हातून काही नीट होत नाही असं वाटणं. म्हणून सर्टिफिकेटवर डॉक्टर बहुधा तो शब्द लिहिणार नाहीत. चिंता, नैराश्य, झोपेचा विकार हे मात्र आजार आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञांकडे जायला लाजू नका.

छातीत दाब, धाप, घाम, जबड्यात किंवा हातात कळ असं एकत्र आलं तर मेसेज लिहीत बसायचं नाही, थेट इमर्जन्सी. आणि ‘नकोच जगायला’ असा विचार एकदा जरी डोकावला तर त्याच दिवशी घरात सांगायचं आणि डॉक्टरांना गाठायचं.

तळटीप

सवयीनं एक टीप. हाइन्झ लेमान नावाचे मानसशास्त्रज्ञ स्वीडनमध्ये होते. 1980च्या दशकात त्यांनी कामाच्या ठिकाणच्या छळाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि अशा वागण्याचे 45 प्रकार नोंदवले. त्यांपैकी एखादं आठवड्यातून एकदा तरी आणि किमान सहा महिने चाललं तर ते त्याला ‘मॉबिंग’ म्हणत. त्या 45 मध्ये माणसाला निरर्थक कामं देणंही आहे. तुमची तारीखवार व्हाउचरं.

हा शब्द पक्ष्यांवरून आलाय. छोटे पक्षी कळप करून ससाण्याला किंवा घुबडाला टोचून पिटाळतात, ते मॉबिंग. पक्ष्यांत लहान मिळून मोठ्याला हाकलतात, ऑफिसात घुबडच खुर्चीवर बसलेलं असतं आणि बाकीचे त्याच्या बाजूनं हसतात.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक 190 जून 2019 मध्ये संमत झाला आणि 25 जून 2021 पासून अमलात आहे. त्यात छळाच्या व्याख्येत मानसिक इजा आहे आणि घटना वारंवारच घडायला हवी असं नाही, एकदाच घडली तरी धरली आहे. करार मान्य करणाऱ्या देशांवरच तो बंधनकारक आहे, त्यामुळे तो साहेबांच्या तोंडावर फेकू नका. पण ‘हे माझ्याच मनाचे खेळ आहेत का’ असं वाटेल तेव्हा वाचा.

निवृत्त_पण_जागा

वरचं सगळं दोनदा वाचलं. लिहू की नको करत लिहितो. मी तुमचा साहेब होतो.

म्हणजे तुमचे ते नव्हेत, पण तसलाच. हाताखाली 14 माणसं. मला वाटायचं, माझ्यामुळे विभाग चालतो. एक होते, कामाला चोख पण सावकाश. मी त्यांना ‘मालगाडी’ म्हणायचो. सगळे हसायचे, तेही हसायचे, म्हणून मी म्हणत राहिलो. तुम्ही लिहिलंत ना, मीही हसलो? ते वाचून काल झोप लागली नाही.

एक दिवस ते केबिनमध्ये आले, दार लावून घेतलं आणि उभ्यानंच म्हणाले, ‘साहेब, चूक असेल तर दाखवा, दुरुस्त करतो. पण सगळ्यांसमोर नको. आणि मला नाव आहे, त्या नावानं हाक मारा.’ एवढंच बोलून गेले. आवाज कापत होता त्यांचा. मी दोन दिवस धुमसलो. मग मी थांबलो.

त्यांच्या बाबतीत थांबलो. पुढच्या महिन्यात दुसरा शोधला. त्यानं दार लावून घेतलं नाही, तो नोकरी सोडून गेला. तेव्हा मी म्हणालो, कच्चा होता.

म्हणून दोन्ही गोष्टी सांगतो. बोलून बघा, एकटे गाठून, दोन वाक्यांत. ते वाक्य आधी घरी मोठ्यानं म्हणून बघा, नाहीतर ऐन वेळी ‘सॉरी सर’नं सुरुवात होते. आणि त्यांनी तुमच्यापुरतं थांबवलं, तरी वही बंद करू नका.

बाकी_जुळत_नाही

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय.

रजेचे नियम काढले. तीन दिवसांपुढे सर्टिफिकेट लागतं. आमचे साहेब पहिल्याच दिवशी मागतात. लिफाफाताई, तुमचं बरोबर निघालं.

डॉक्टरांकडे गेलो. थायरॉइड, साखर ठीक. रक्तदाबाचा तक्ता एक्सेलमध्ये केला (हसू नका). सात दिवसांत शनिवार-रविवार 124/80 च्या आसपास. सोमवारी सकाळी 148/94. सरासरी 138/88. डॉक्टर तक्ता बघून म्हणाले, ‘सोमवारी काय असतं?’ मी म्हणालो, रिव्ह्यू. त्यांनी आठ दिवसांचं सर्टिफिकेट दिलं, झोपेसाठी आणि चिंतेसाठी एका मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी चाळीस मिनिटांतली तीस मी फक्त व्हाउचरांबद्दल बोललो.

कळवताना लिफाफाताईंचा मेसेज जसाच्या तसा वापरला. पाठवण्याआधी शेवटी ‘क्षमस्व’ आपोआप टाइप झालं होतं, ते खोडलं. पहिल्या दिवशी साहेबांचे चार फोन आले. उचलले नाहीत, पण प्रत्येक वेळी फोन वाजून थांबेपर्यंत उभाच होतो. दुसऱ्या दिवसापासून फोन बायकोच्या कपाटात.

शेजारचा_डेस्क, तुमचं मनाला लागलं होतं. जायच्या आदल्या दिवशी उरलेली 38 बिलं कुठवर आलीत ते शेजारच्या मुलीला लिहून दिलं. ती म्हणाली, ‘सर, जाऊन या. त्या दिवशी हसायला नको होतं आम्ही.’ मी काही बोललो नाही. बोलता आलं नाही.

साहेबांशी अजून बोललेलो नाही. वाक्य पाठ आहे. आंघोळ करताना रोज म्हणतो, तिथे आवाज कापत नाही. वहीत 17 नोंदी झाल्यात, दुसऱ्या विभागात बदलीसाठी लेखी अर्जही तयार आहे. बायोडाटाही काढलाय, आठ वर्षं त्यात काही भरलंच नव्हतं.

परवा हजर व्हायचंय. एकच विचारायचं राहिलं. डॉक्टरांनी फिटनेस सर्टिफिकेट दिलंय. ते साहेबांना द्यायचं की थेट एचआरला?

लिफाफा

एचआरला. साहेबांना मेलवर फक्त ‘सर्टिफिकेट जमा केलं आहे’ इतकं कळवा. कागद देताना स्वतःजवळ एक प्रत ठेवा आणि त्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसकट. बदलीचा अर्ज त्याच दिवशी देऊ नका, चार दिवस जाऊ द्या, नाहीतर दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये लागतात.